डेट पुढे गेली, आधी वही काढ

फेब्रुवारी लागला की माझ्या दारावर रात्री दहानंतर टकटक सुरू होते. दार उघडावं तर पोर उभी असते, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. "काकू, थोडं बोलायचं होतं." काय बोलायचंय ते मला तिथंच कळतं. प्रॅक्टिकल झालेली, बोर्डाचा पेपर तोंडावर, त्याच्या मागे मे महिन्यातली 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा उभी, आणि पाळीची डेट गेलेली पुढे. कुणाची दहा दिवस, कुणाची महिनाभर. एखादीची तर दिवाळीच्या सुट्टीनंतर आलेलीच नसते आणि ती मला ते फेब्रुवारीत सांगते.

मी लातूरला मुलींचं हॉस्टेल चालवते. चाळीस मुली, दोन मजले, खाली मेस. त्याआधी नऊ वर्षं नर्स होते, बाळंतिणींच्या वॉर्डात. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, पार सोलापूरकडच्या पोरी इथं ट्यूशनसाठी येतात. सोळा-सतरा वर्षांच्या असतात आणि बहुतेक जणी घरापासून पहिल्यांदाच लांब राहत असतात. आईशी फोनवर त्या 'अडचण' म्हणतात, मैत्रिणीशी 'पिरियड', माझ्याशी 'डेट'. मी सरळ पाळी म्हणते. रात्री समोर बसवून त्यांना जे सांगते, तेच इथं लिहिते आहे. तू लातूरची असशील नाहीतर पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससी करणारी, अंग सगळ्यांचं सारखंच चालतं.

वहीत काय लिहायचं

पोर रडवेली होऊन आली तरी मी आधी विचारते, "वही कुठंय?" माझ्या हॉस्टेलला प्रवेश घेताना प्रत्येकीला एक छोटी वही मिळते, साधी, दहा रुपयांची. ती तिच्याकडेच राहते. मी न विचारता उघडत नाही. मोबाईलमध्ये ॲप असेल तर ते वापर, पण आमच्या अर्ध्या पोरींकडे साधा फोन असतो आणि परीक्षेच्या दिवसांत तोही घरी जमा होतो, म्हणून वही बरी.

पाळी सुरू झाली ती तारीख लिहायची. किती दिवस अंगावरून गेलं ते लिहायचं. रोज किती पॅड लागले आणि ते किती भरले होते, दुखलं का, दुखण्यापायी क्लास बुडला का, हेही. आणि खाली रोज एका ओळीत फक्त दोन आकडे: किती तास झोपलीस, किती वेळा जेवलीस. महिन्यातून एकदा वजन. रात्री दिवा मालवायच्या आधीचं अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मोजण्यात पोरी दोन ठिकाणी हमखास चुकतात. एक, त्या पाळी संपल्या दिवसापासून मोजतात. तसं नाही. रक्त दिसलं तो पहिला दिवस, तिथून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. दुसरं, त्यांना वाटतं दर महिन्याला त्याच तारखेला आली तरच पाळी बरोबर. गेल्या महिन्यात १० ला आली होती, आज १४ झाली, संपलं सगळं. अगं, मोठ्या बाईची पाळीसुद्धा २१ पासून ३५ दिवसांपर्यंत कधीही येऊ शकते. न्हाण आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तर ४५ दिवसांपर्यंतचं अंतर धरून चालतात. दोन ते सात दिवस अंगावरून जाणं ठीक. दारावर येणाऱ्या दहा पोरींतल्या तीन-चार जणी एवढं मोजून झाल्यावरच हसत परत जातात, कारण त्यांचं काहीच बिघडलेलं नसतं.

पाळी मागे-पुढे होते म्हणजे आत काय होतं

उरलेल्यांसाठी मी एका पोरीच्या वहीची गोष्ट सांगते, तिची परवानगी घेऊनच. तिच्या तारखा अशा होत्या: १२ जानेवारी, १० फेब्रुवारी, ११ मार्च. दोन्ही वेळा बरोबर २९ दिवस. पुढची ९ एप्रिलच्या आसपास यायला हवी होती, ती आली २४ एप्रिलला. ४४ दिवसांनी. ९ तारखेपासून ती रोज सकाळी घाबरून उठायची. एप्रिलमध्येच काहीतरी बिघडलं असं तिला वाटत होतं.

मी तिला वहीतलं मार्चचं पान काढायला लावलं. पाळीआधी साधारण १२ ते १४ दिवस अंडाशयातून अंडं सुटतं. अंडं सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचे हे दिवस फारसे हलत नाहीत. हलतात ते आधीचे, पाळी संपल्यापासून अंडं सुटेपर्यंतचे. म्हणजे २४ एप्रिलच्या पाळीचं अंडं १० एप्रिलच्या सुमाराला सुटलं असणार. दर महिन्याच्या हिशोबाने ते २६ मार्चच्या आसपास सुटायला हवं होतं. मग मार्चमध्ये काय चाललं होतं? बोर्ड संपलं आणि नीटची क्रॅश बॅच सुरू झाली. झोपेच्या रकान्यात ४, ४, साडेतीन, ५. जेवणाच्या रकान्यात १, २, १. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिला ताप आला, वडील गावी घेऊन गेले, आजीच्या हातचं जेवली, पाच दिवस झोपली. त्यानंतर अंडं सुटलं आणि त्यापुढे दोन आठवड्यांनी पाळी आली.

दोन्ही पानं शेजारी ठेवल्यावर ती गप्प झाली. एप्रिलमध्ये ज्या पाळीची ती वाट बघत होती, तिचा उशीर मार्चमध्येच ठरून गेला होता. हे नीट समजून घे, कारण पाळी लांबली की पोरी त्या दिवशी पपई खातात, गुळाचा काढा पितात, जिने चढ-उतार करतात. अंडंच उशिरा सुटलंय, तिथं पपई काय करणार?

अंडं उशिरा का सुटतं? मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तो ठरावीक अंतराने खालच्या पिट्युटरी ग्रंथीला संदेश पाठवतो, ती अंडाशयाला पाठवते, आणि मग अंडं वाढीला लागतं. अंगावर ताण आला, पोटात अन्न कमी पडलं, झोप मोडली, की कॉर्टिसोलसारखी ताणाची संप्रेरकं (हार्मोन्स) वाढतात आणि वरून जाणारे संदेश मंदावतात. पोरींना मी २०१६ चा दुष्काळ आठवायला सांगते. तेव्हा मांजरा धरण कोरडं पडलं होतं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. घरोघरी आपण काय केलं? प्यायचं पाणी राखलं, अंगण धुणं बंद केलं, झाडं वाळू दिली. शरीरही तसंच करतं. काळीज आणि मेंदू चालू ठेवायचे आणि ज्यावाचून आज अडत नाही ते थांबवायचं. गर्भाची तयारी सतराव्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर त्याला गरजेची वाटत नाही.

पण झाड एक उन्हाळा वाळलं तर पुन्हा फुटतं, चार उन्हाळे वाळलं तर मरतं. एखादी पाळी पंधरा दिवस लांबली तर फार काही होत नाही. महिनोन् महिने आली नाही तर हाडं भरायला लागणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक शरीरात कमी राहतं, आणि याच वयात हाडं भरत असतात. ती भरायची राहिली तर पुढे भरून काढणं अवघड जातं. "बरं झालं, कटकट गेली, अभ्यास तरी होतोय" असं म्हणणाऱ्या पोरीची मला जास्त काळजी वाटते.

आणि टेन्शन म्हणजे नुसती मनातली भीती नाही. आमच्याकडे तीन गोष्टी एकदम येतात: जागरण, उपाशी राहणं आणि भीती. त्यातली भीती लगेच घालवणं माझ्या हातात नाही, तुझ्याही नाही. झोप आणि जेवण मात्र आजपासून हातात आहे. म्हणून मी तिथूनच सुरू करते.

झोप आणि ताट

या वयाला आठ तास झोप लागते. परीक्षेच्या वर्षात मला आठ मिळत नाहीत, हे मी मान्य करते. सात मात्र मी सोडत नाही. आमच्या अभ्यासिकेचे दिवे साडेदहाला जातात आणि पहाटे साडेपाचला येतात. सुरुवातीला पालकांचे फोन आले: "बाकीच्या हॉस्टेलात पोरी दोनपर्यंत बसतात, तुम्ही झोपवता?" मी त्यांना एवढंच विचारलं, दोन वाजता वाचलेलं सकाळच्या टेस्टमध्ये आठवतं का, हे पोरीलाच विचारा. खोलीत पांघरुणात मोबाईलच्या उजेडात बसणाऱ्या आहेतच, तिथं मी पोलीस होत नाही. वहीतले आकडे आणि टेस्टचे मार्क शेजारी लावून बघायला सांगते. बहुतेक जणी दोन महिन्यांत स्वतःच लवकर आडव्या होतात.

सात तास एकदम जमत नसतील तर दर तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं आधी झोपत जा. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. दुपारची झोप वीस मिनिटांवर गेली की रात्रीची मोडते.

जेवणाची गोष्ट जरा मोठी आहे. लातूरला क्लासेस आहेत त्या उद्योग भवन परिसरातली पहिली बॅच सकाळी सातला. पोर साडेसहाला नुसता चहा पिऊन जाते, दोनला परत येते, तोवर भूक मेलेली असते, दोन घास खाऊन झोपते. रात्रीचं जेवण हेच तिचं दिवसातलं पहिलं खरं जेवण. महिना-दोन महिने असं चाललं की वजन चार-पाच किलोने उतरतं आणि पोरीला ते आवडतंही. घरून फोनवर कौतुक होतं, "बारीक झालीस गं." अशा पोरीची पाळी लांबली की मी आधी वजनकाटा काढते.

म्हणून आमच्या मेसमध्ये सहा वाजता नाश्ता तयार असतो, नाश्ता केल्याशिवाय फाटक उघडत नाही. कधी चुरमुऱ्यांचा सुशीला, कधी धपाटे नि दही, कधी नुसती भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. खोलीवर राहत असशील तर रात्रीच दोन धपाटे करून डब्यात ठेव, किंवा मूठभर भाजके शेंगदाणे, गुळाचा खडा आणि दोन खजूर सॅकच्या कप्प्यात. क्लासच्या दोन तासांमध्ये जी सुट्टी मिळते तीत ते खाल्लंच पाहिजे. जेवताना ताटात डाळ किंवा उसळ असावी, पालेभाजी असावी, चालत असेल तर अंडं. वर लिंबू पिळ, त्याने भाजीतलं लोह अंगी लागतं. आणि जेवल्याबरोबर चहा पिऊ नको, चहाने ते लोह वाया जातं. तासाभराने पी.

लोहाबद्दल मी एवढं का बोलते ते सांगते. यात माझी चूक आहे.

उदगीरकडची ती पोर

आठ वर्षं झाली. पोर हुशार, घरची गरिबी, शिष्यवृत्तीवर आलेली. क्लासवरून तक्रार आली की ती बाकावर झोपते. मी तिला सगळ्यांसमोर बोलले. "तुझ्या बापाने शेत गहाण ठेवलंय आणि तू झोपा काढतेस?" ती काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी ती जिन्यावर कोसळली. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६.८. बारा हवं असतं. दोन पिशव्या रक्त द्यावं लागलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन महिने पाळी आली नव्हती, आणि आली ती थांबेचना, तेरा दिवस चालू होती. पॅड परवडत नव्हते म्हणून कापड घेत होती आणि कुणाला दिसू नये म्हणून रात्री धूत होती.

मी नर्स होते. तिचा पांढरा पडलेला चेहरा, फिकट ओठ मला दिसायला हवे होते. मला आळस दिसला. त्या वर्षापासून वही सुरू झाली. आणि सगळ्यांसमोर मी कुणाला बोलत नाही.

ताणाने पाळी नुसती लांबते असं नाही, हे मला तेव्हा नव्याने कळलं. पुस्तकात वाचलेलं होतं, पण कळलं तेव्हा. अंडं सुटलंच नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढत राहतं, त्याला आवरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, आणि मग ते कधीतरी वेडंवाकडं सुटतं, खूप आणि खूप दिवस. म्हणून मोठ्या खंडानंतर आलेल्या पाळीकडे जास्त लक्ष दे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे तुझ्या बाकावर तिघी बसत असाल तर त्यातल्या दोघी जवळपास. शाळेत असताना आठवड्याला निळी गोळी मिळायची, आठवतं? ती लोह आणि फॉलिक ॲसिडची. अकरावीला घर सोडलं की पोरींची ती गोळी सुटते. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, हिमोग्लोबिन तपासून घे, कमी असेल तर ते गोळ्या देतील. गोळीने शौचाला काळी होते, पोट जरा जड वाटतं, घाबरून सोडू नको. हिमोग्लोबिन वर आल्यावरही डॉक्टर काही महिने गोळी चालू ठेवतात, कारण अंगातला साठा भरायचा असतो.

दुखणं

पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात कळा येतात त्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यामुळे. ते गर्भाशयाला आवळतं. झोप नसलेली, घाबरलेली पोर त्याच कळा जास्त सोसते, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर ठेव, पिशवी नसेल तर बाटलीत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळ. थोडं चाल. आमच्या गच्चीवर पोरी त्या दिवशी फेऱ्या मारत पाठांतर करतात.

गोळी घ्यायची तर डॉक्टरांनी तुझ्यासाठी सांगितलेली घे, मैत्रिणीच्या स्ट्रिपमधली नको. दुखणं कळसाला पोचल्यावर घेतलेली गोळी कमी काम करते, सुरुवातीलाच घ्यावी, आणि उपाशीपोटी कधीच नाही. ॲसिडिटी, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी सांग. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी पोरी चॉकलेटसारखी वाटून खातात. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधकोश आयोगाने याच औषधाबद्दल इशारा दिला होता, क्वचित कुणाला त्याची गंभीर ॲलर्जी होते म्हणून. गोळी घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, गळ्याशी गाठी असं काही दिसलं तर थांबव आणि डॉक्टरकडे जा.

दर महिन्याला दुखणं वाढतच चाललंय, पाळी नसतानाही दुखतं, गोळीने भागत नाही, असं असेल तर ते 'सगळ्यांनाच दुखतं' यात बसत नाही. तपासून घ्यायला हवं.

पाळी पुढे ढकलायची गोळी

एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. "काकू, पेपर पाळीत येतोय, गोळी घेऊ का?" आपल्याकडे सत्यनारायण आणि लग्नकार्यासाठी बायका ती घेत आल्या, त्यामुळे पोरींना ती विटामिनसारखी वाटते. त्या गोळीतलं नॉरेथिस्टेरॉन हे संप्रेरक आहे. पाळी येण्याच्या काही दिवस आधी सुरू करावं लागतं आणि बंद केलं की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. आता तूच बघ, जिची पाळी ताणामुळे आधीच मागे-पुढे झालीय, तिला 'येण्याच्या काही दिवस आधी' म्हणजे कोणता दिवस हे कसं कळणार? कुणाला त्याने मळमळतं, डोकं दुखतं, मन उदास होतं. आणि ते पेपरच्या आठवड्यात. जिला अर्धशिशी आहे, जिच्या घरात रक्ताची गाठ होण्याचा आजार आहे, यकृताचा त्रास आहे, तिने तर मेडिकलवाल्याकडून घेऊन खायचीच नाही. घ्यायचीच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, ते ठरवतील.

मी पोरींना दुसरंच सांगते. पाळीत पेपर द्यायची सवय कर. जानेवारीपासून पुढे कधीतरी पाळीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते पाच पूर्ण सराव पेपर सोडव, न उठता. कोणता पॅड तीन तास टिकतो, गोळी जेवणानंतर किती वेळात लागू पडते, कोणती सलवार कंबरेला काचते, सगळं त्या दिवशी कळतं. केंद्रावर पोचून आत बसेपर्यंतचा वेळ धरला तर पेपरचे तीन तास खरं तर पाच-सहा होतात, म्हणून आत जायच्या अगदी आधी पॅड बदल. कपड्यांच्या आणि सोबत काय न्यायचं याच्या सूचना त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असतात, त्या आठवडाभर आधी वाच. दोनदा असा सराव केलेली पोर पेपरच्या सकाळी पाळी आली तरी ढासळत नाही.

एरवी क्लासला असताना पॅड चार ते सहा तासांनी बदल. मला माहीत आहे अडचण कुठं आहे. क्लासच्या संडासाला कडी नसते, पाणी नसतं, टाकायला डबा नसतो. मग पोरी पाणीच पीत नाहीत आणि सात-आठ तास एकाच पॅडवर बसतात. नंतर लघवीला जळजळ. मी एकदा एका क्लासच्या ऑफिसात जाऊन बसले होते, डबा आणि कडी एवढंच मागायला. तीन चकरा झाल्या, चौथ्या वेळी दहा पोरींच्या आयांच्या सह्या नेल्या, तेव्हा काम झालं. एकटीने मागू नका, सह्या न्या.

डॉक्टरकडे कधी

तीन महिने पाळी आली नाही, एकदाच झालं तरी जा. २१ दिवसांच्या आत पुन्हा-पुन्हा येते, सात दिवसांवर चालते, तास-दीड तासात पॅड गच्च भरतो, दहाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तेव्हाही. वजन झपाट्याने उतरलंय, हनुवटीवर राठ केस येताहेत, मान काळी पडतेय, किंवा छातीतून दूध येतंय, हे सगळं सांगायचं असतं. आणि पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी पाळी सुरूच झाली नसेल तर 'येईल उशिरा' म्हणत बसू नका. पॅड गच्च भरतोय आणि चक्कर येतेय असं एकदम झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री.

"टेन्शनमुळे असेल" हे मीही म्हणते, मैत्रीणही म्हणते, पण तो अंदाज आहे. थायरॉईड, दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने अंडं नेमाने न सुटण्याचा आजार) यातलं काही बिघडलेलं नाही ना हे बघून झाल्यावरच डॉक्टर ताणावर येतात. रक्ताच्या तपासण्या होतील, पोटावरून सोनोग्राफी होईल, त्यासाठी पाणी पिऊन जावं लागतं. लघवीची गरोदरपणाची तपासणीही करतील. बऱ्याच पोरी आणि त्यांच्या आया तिथं चिडतात. चिडू नका, पाळी चुकलेल्या प्रत्येक बाईची ती करतात. डॉक्टरांशी एकटीला बोलायचं असेल तर तसं सरळ सांग. वही सोबत ने. वही समोर ठेवली की "शेवटची पाळी कधी?" याला "अं... मागच्या महिन्यात बहुतेक" असं उत्तर द्यावं लागत नाही.

एक मात्र सांभाळ. सोनोग्राफीच्या कागदावर 'पीसीओ' वाचून पोरी रात्रभर रडतात, मूल होईल का म्हणून. कोवळ्या वयात अंडाशयात बारीक-बारीक फोड दिसणं पुष्कळदा साधंच असतं. पाळी सुरू होऊन आठ वर्षं व्हायच्या आत नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनच आहे. डॉक्टरांना विचार, पाळीचा इतिहास आणि रक्ताच्या तपासण्या काय म्हणतात.

मनाचंही वहीत लिही. पाळीच्या आधीच्या आठवड्यात चिडचिड, रडू येणं, सगळे आपल्यावर उठलेत असं वाटणं, आणि पाळी आली की मोकळं होणं, हे पुष्कळ जणींना होतं. ते कधी येतं हे वहीतून कळलं की त्या दिवसांत नवा धडा घेऊ नको, उजळणी कर. पण पाळी येऊन गेली तरी मन उठत नाही, दोन आठवडे झाले, जेवण नको, कुणाशी बोलणं नको, जगणंच नको वाटतंय, तर ते पाळीच्या खात्यात टाकू नको. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. आणि त्याच वेळी शेजारच्या खाटेवरच्या पोरीला उठव. माझं दार वाजव. तू जिथं असशील तिथल्या कुणाचं तरी दार वाजव. झोपमोड झाली म्हणून कुणी रागावणार नाही.

आई-वडिलांसाठी एकच. फोनवर पहिला प्रश्न टेस्टच्या मार्कांचा विचारू नका. गंगाखेडकडचे एक वडील आहेत, कापूस पिकवतात, शिक्षण सातवी. ते दर रविवारी पोरीला तीन गोष्टी विचारतात: जेवलीस का, झोपलीस का, तारीख झाली का. पहिल्यांदा विचारलं तेव्हा पोर लाजून फोन ठेवून पळाली होती. आता ती आकड्यांसकट सांगते.

वही आज रात्रीच सुरू कर. पहिल्या पानावर शेवटच्या पाळीची तारीख लागेल, आणि ती तुला आठवणार नाही, कुणालाच आठवत नाही. मोबाईलमधले मागच्या दोन महिन्यांतले फोटो काढ, नाहीतर घरच्या कालनिर्णयवर सणवार बघ. कुठल्या दिवशी तू देवळाच्या बाहेरच थांबली होतीस, कुठल्या हळदी-कुंकवाला आईने तुला माजघरात बसवलं होतं, ते आठव. तारीख तिथं सापडेल.